मागच्या फाटकाचे कुलगुरू

विद्यापीठाला कुलगुरू दोन होते. एक पुढच्या फाटकानं गाडीतून यायचे, त्यांचा फोटो सभागृहात लागलेला असायचा आणि काही वर्षांनी तो बदलायचा. दुसरे मागच्या फाटकासमोर, जिन्याखालच्या चिंचोळ्या दुकानात झेरॉक्स काढत बसायचे आणि ते काही केल्या बदलत नसत. पहिल्यांना विद्यार्थी रस्त्यात ओळखत नसत. दुसऱ्यांना विचारल्याशिवाय कुणाचा अर्ज पुढे सरकत नसे. हे नाव त्यांना कुणा टवाळ पोरानं दिलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. भाजीवालाही त्यांच्या बायकोला 'कुलगुरूंच्या बाई' म्हणायचा, आणि तिला त्याचा राग येत नसे, कारण भाजी नीट निवडून मिळायची.

कुलगुरू शिकलेले किती, तर अकरावी नापास. पण पदव्युत्तर प्रवेशाचे नियम त्यांना पाढ्यांसारखे पाठ होते. यात त्यांची हुशारी फारशी नव्हती. तेच कागद वर्षानुवर्षं काचेवर ठेवल्यावर दगडालाही ते पाठ झाले असते. गोंधळलेलं पोरगं समोर आलं की त्यांची टकळी सुरू व्हायची.

"पदवीला पंचावन्न टक्के आहेत ना? मग ऐक. प्रवेश परीक्षेचं गुणपत्रक. तिन्ही वर्षांच्या गुणपत्रिका, मूळ आणि वर दोन-दोन प्रती. हेतुपत्र, म्हणजे पुढं का शिकायचंय ते, दोन पानांत बसव, तिसरं पान कुणी वाचत नाही. शिफारसपत्रं दोन, बंद पाकिटात, झाकणावर आडवी सही. आणि ते पाकीट उघडलंस की मेलास!"

हे शेवटचं वाक्य ते बोट नाचवून म्हणत.

तोंड असं चालायचं आणि हात वेगळे चालायचे. समोर पाकीट आलं की पातं, टाचणी आली की नख, घडी आली की तळहात. उघड, उलगड, पालथं ठेव, झाकण पाड, बटण दाब. डोळे तोवर रांगेतल्या पुढच्या माणसाकडं गेलेले असत. कागद कधी वाकडा पडला नाही, कधी उलटा पडला नाही. याचा त्यांना गर्व होता आणि तो ते लपवतही नसत. काउंटरच्या मागे भिंतीवर एक पाटी होती. सहावीत असताना त्यांच्या लेकीनं ती टपोऱ्या अक्षरात लिहिली होती: 'सहीची नक्कल करून मिळणार नाही.' गुणपत्रिकेतला आकडा बदलून मागणाऱ्या एकाला कुलगुरूंनी बखोटीला धरून बाहेर काढलं होतं, त्यानंतरची ती पाटी.

तीच लेक आता पदवी घेऊन विमा कंपनीत नोकरीला लागली होती. तिथं ती दिवसभर दुसऱ्यांच्या अपघातांचे आकडे भरायची आणि संध्याकाळी संख्याशास्त्राची पुस्तकं घेऊन बसायची. तिला पुढं शिकायचं होतं. प्रवेश परीक्षा तिनं दिली, पण पहिल्या वर्षी घरातल्या आजारपणामुळं अर्जच राहून गेला. परीक्षेचे गुण दोनच वर्षं चालतात, म्हणजे यंदाचं हे शेवटचं. शिवाय पदवीनंतर खंड पडलेल्यांना एक जादा अट होती: दोनपैकी एक शिफारसपत्र शिकवलेल्या प्राध्यापकाचंच हवं. आणि तिला शिकवलेल्यांपैकी आता एकच बाई उरल्या होत्या, विभागप्रमुख. त्यांच्याकडं पत्र मागायला पोरं जोडीनं जात, एकट्यानं नाही. लेक दोनदा रिकाम्या हातानं परत आली. तिसऱ्यांदा बाईंनी तिच्याकडून फळ्यावर एक गणित सोडवून घेतलं, आणि मग म्हणाल्या, "शेवटच्या दिवशी सकाळी ये. पाकीट तयार ठेवते."

त्या सकाळी पाकीट खरंच तयार होतं. लेकीला साहेबांकडून दुसरं पत्र आणायला ऑफिसात जायचं होतं, म्हणून तिनं सगळी फाईल दुकानात ठेवली.

"बाबा, मी दुपारी अर्धी रजा टाकून येते. पाचला अर्जाची खिडकी बंद होते. हे ड्रॉवरमध्ये ठेवा, आणि याला हात लावू नका."

"मला सांगतेस? मला?" कुलगुरू म्हणाले.

ती गेली आणि पाकीट ड्रॉवरमध्ये राहिलंही असतं. पण बापाचं मन. शेजारच्या टपरीत शिक्के बनवणारा त्यांचा जुना दोस्त होता. त्याला ते पाकीट दाखवल्याशिवाय कुलगुरूंना चैन पडेना. त्यांनी ते काढलं, झाकणावरची बाईंची लफ्फेदार सही त्याच्या नाकासमोर धरली आणि म्हणाले, "बघ. ही बाई हस्ताक्षरसुद्धा उसनं देत नाही. माझ्या पोरीला दिलं." शिक्केवाल्यानं मान डोलावली. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, मागोमाग दुसरं, मग रांगच लागली. शेवटचा दिवस होता. पाकीट काउंटरवर राहिलं.

चष्मेवाल्या एका मुलीनं आपली खाकी पाकिटं आणि कागदांचा गठ्ठा काउंटरवर ओतला. "काका, सगळ्याच्या दोन-दोन, लवकर!" हात चालू लागले. पातं, घडी, काच, बटण. पातं, घडी, काच, बटण. डोळे रांगेकडं, तोंड कुणाला तरी हेतुपत्र समजावण्यात गुंतलेलं. मशीनचा उजेड एकदा इकडून तिकडं गेला, आणि मुलगी म्हणाली, "काका, हे पाकीट माझं नाही."

कुलगुरूंनी डाव्या हातातलं रिकामं पाकीट उलटं केलं. बाईंची सही मधोमध चिरली गेली होती. अर्धी झाकणावर, अर्धी खाली.

मशीनच्या खालच्या ताटलीत प्रत येऊन पडली होती, पालथी. त्यांनी मान दुसरीकडं वळवली, झाकण उचललं, पत्र चाचपून काढलं, न बघता घडी घातली आणि पाकिटात सरकवलं. ताटलीतल्या प्रतीला हात लावायची त्यांची छाती होईना. त्यांनी कोऱ्या कागदाचं एक रीम उचललं आणि तिच्यावर ठेवून दिलं.

"मशीन बिघडलं," ते रांगेला म्हणाले.

शिक्केवाल्यानं काय झालं ते पाहिलं होतं. त्यानं त्यांना हाताला धरून आपल्या टपरीत नेलं.

"रडतोस काय? गोंद आहे, तसंच पाकीट आहे, माझी दिव्याची पेटी आहे. जुनं पाकीट खाली, नवं वर, सही गिरवायची. तुझा हात माझ्यापेक्षा सफाईदार आहे."

"अरे, पण..."

"पण काय? पोरीचं वर्ष नाही जात, जन्म जातो. तू कुणाचं काय चोरतोयस? पत्र खरं, बाई खऱ्या, पोरगी खरी. सही तेवढी दुसऱ्यांदा झाली. कोण बघतंय?"

त्याच्या बोलण्यात खोट काढता येत नव्हती, हेच वाईट होतं. कुलगुरूंनी पेटीचा दिवा लावला. चिरलेल्या सहीच्या दोन्ही कडा काचेवर जुळवल्या, वर एक रद्दी कागद ठेवला आणि पेन टेकवलं. हात थरथरेल असं वाटलं होतं. तो जराही थरथरला नाही. पहिल्याच खेपेला सही उतरली, हुबेहूब, बाईंनीही फसावं अशी.

ते त्या सहीकडं बघत राहिले. एवढ्या वर्षांत पोरांनी काय काय करून मागितलं, त्यांनी ते केलं नाही, आणि आपण सरळ माणूस म्हणून मिरवलं. खरी गोष्ट एवढीच होती की आजवर त्यांना गरज पडली नव्हती. उद्या पोरगी वर्गात बसेल, पुढच्या बाकावर, मान वर करून. आणि तिच्या अर्जात पहिली खोटी गोष्ट बापाच्या हातची असेल. तिला ती कधी कळणार नाही. त्यांना मात्र रोज कळत राहील, काउंटरवर बसल्या बसल्या, तिच्याच अक्षरातल्या पाटीखाली.

त्यांनी रद्दी कागद फाडून बारीक तुकडे केले.

"वेडा आहेस," शिक्केवाला म्हणाला. पण त्यानं कुलगुरूंच्या दुकानाचं शटर ओढायला हात लावला.

वर्षातल्या सगळ्यांत मोठ्या गर्दीच्या दिवशी दुकान बंद होताना पाहून पोरांनी ओरडा केला. "ओ कुलगुरू, कुठं निघालात?" कुलगुरू चिरलेलं पाकीट शर्टाच्या आत धरून फाटकातून आत शिरले. बाईंचा विभाग चौथ्या मजल्यावर. इतकी वर्षं विद्यापीठाच्या दारात काढली, पण तो जिना ते पहिल्यांदाच चढत होते.

बाई तोंडी परीक्षा घेत होत्या. शिपाई ओळखीचा होता, पण त्यानं हात आडवा केला. "आज देव आला तरी आत सोडायचं नाही असं सांगितलंय." कुलगुरू बाकावर बसले. खिशातला फोन थरथरला. लेकीचा होता. त्यांनी उचलला नाही. परत थरथरला. परत उचलला नाही. दार उघडायचं, एक विद्यार्थी रडवेला बाहेर यायचा, दुसरा आत जायचा, दार लागायचं. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघायचं नाही असं त्यांनी ठरवलं आणि दुसरीकडं कुठंच बघता येईना.

शेवटी शिपायालाच त्यांची दया आली. तो आत जाऊन काहीतरी कुजबुजला.

बाई बुटक्या होत्या, आणि त्यांच्यासमोर उभी माणसं आणखी बुटकी व्हायची. कुलगुरूंनी पाकीट टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. दोस्ताला दाखवायला ड्रॉवरमधून काढलं, तिथपासून.

"वाचलंत?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"का नाही?"

"मॅडम, दिवसभर लोकांचं सगळं माझ्या हातातून जातं. कुणाचा आजार, कुणाचा घटस्फोट. वाचायला लागलो तर मला वेड लागेल. पण आज वाचावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू. प्रत मशीनमध्ये पालथी पडलीय. वर कागदांचं रीम ठेवून आलोय."

"पाकिटं तुमच्याकडं, गोंद तुमच्याकडं. परत चिकटवून का नाही दिलंत?"

"सही जमली होती, मॅडम. रद्दी कागदावर करून बघितली."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "दाखवा."

"फाडून टाकली."

बाहेरचा विद्यार्थी खोकला.

"मुलीला सांगितलंत?"

"नाही. म्हटलं, तिला कळायच्या आत निस्तरावं."

"अर्ज तिचा आहे, तुमचा नाही. तिला घेऊन या. मी काय करायचं ते तिच्यासमोर ठरवीन. करीनच असं नाही."

कुलगुरू जिना उतरू लागले तेव्हा फोन पुन्हा थरथरत होता. या वेळी त्यांनी उचलला.

"बाबा, कुठं आहात? दुकान बंद, फोन उचलत नाही! माझी फाईल आत आहे! आईला फोन केला, ती घाबरून गेलीय!"

"आलो. तिथंच थांब."

ती शटरपाशी उभी होती, दुसरं पाकीट छातीशी धरून. कुलगुरूंनी कुलूप काढलं, फाईल तिच्या हातात दिली आणि तोंडानं सांगायच्या आधी चिरलेलं पाकीट वर ठेवलं. मग सांगितलं. मध्येच थांबले असते तर पुन्हा बोलता आलं नसतं, म्हणून एका दमात सांगितलं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"एकच गोष्ट सांगितली होती, बाबा," ती म्हणाली. "एकच."

चौथ्या मजल्यापर्यंत ती पुढं आणि ते मागं. ती एकदाही वळली नाही. कुलगुरूंना धाप लागली होती, पण तिला थांब म्हणायचा हक्क आपण आज सकाळीच गमावला, असं त्यांना वाटत होतं.

बाईंनी तिला बस म्हटलं नाही. "तुझे वडील म्हणतात, त्यांनी वाचलेलं नाही. तू काय म्हणतेस?"

लेकीनं ओठ दाबले. कुलगुरू जमिनीकडं बघत राहिले. ती काय म्हणेल ते त्यांना खरंच माहीत नव्हतं.

"मॅडम, मला त्यांचा आत्ता इतका राग आलाय की त्यांच्याकडं बघवत नाही," ती म्हणाली. "पण ते वाचणार नाहीत. मी शाळेत असताना डायरी लिहायचे, ती दुकानातच पडून असायची. त्यांनी कधी उघडली नाही. मीच मुद्दाम पानात केस ठेवून बघायचे. केस तिथंच असायचा."

बाईंनी कपाटातून एक मोठं पाकीट काढलं. चिरलेलं पाकीट जसंच्या तसं त्यात घातलं, तोंड चिकटवलं, झाकणावर सही केली. मग समोरच्या बाजूवर लिहिलं: 'आतील पाकीट अनवधानाने फाटले. मजकूर माझाच व पूर्ण आहे. शंका असल्यास मला विचारावे.' खाली पुन्हा सही आणि तारीख.

"हे प्रवेश समितीला चालेल की नाही, मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "खरं आहे एवढंच. पळा."

पळाले. खिडकीसमोर आठ-दहा जण होते आणि आतला कारकून एकेक कागद नखानं खरवडून बघत होता. लेकीची पाळी आली तेव्हा तिथला एक शिपाई बाजूच्या खिडक्यांची दारं लावत होता. गुणपत्रिका चालल्या, प्रती चालल्या, हेतुपत्र चाललं, साहेबांचं पत्र चाललं. मग कारकुनानं मोठं पाकीट उचललं.

"हे काय लिहिलंय?"

"खाली सही आहे," लेक म्हणाली.

"सही दिसते मला. असलं पाकीट मी आजवर घेतलं नाही." तो पाकीट घेऊन उठला आणि आतल्या खोलीत गेला.

कुलगुरू भिंतीला टेकले. त्यांच्या मनात आलं, शिक्केवाल्याचं ऐकलं असतं तर आत्ता पावती हातात असती. हा विचार आला हे त्यांनी पुढं कुणापासूनही लपवलं नाही. खरेपणाची एवढी किंमत पोरीनं का भरायची? लेक खिडकीचा गज घट्ट धरून उभी होती. ते जवळ गेले. तिनं त्यांच्याकडं बघितलं नाही, पण बाजूलाही सरकली नाही.

कारकून परत आला. खुर्चीत बसला. चष्मा पुसला.

"बाईंना फोन लावला होता आमच्या साहेबांनी," तो म्हणाला. "त्यांनीच साहेबांना झापलं. लिहिलंय ते वाचता येत नाही का, म्हणाल्या." आणि त्यानं शिक्का उचलून पाकिटावर हाणला.

पावती हातात आल्यावर लेक पायरीवर बसली आणि रडली. कुलगुरू शेजारी बसले. ते म्हणाले, "पावतीची एक प्रत काढून ठेवू."

"बाबा," ती रडता रडता म्हणाली, "गप्प बसा."

दुकानात आल्यावर मात्र ती सरळ मशीनपाशी गेली. "त्या पत्राची प्रत कुठं आहे?"

कुलगुरूंनी रीमकडं बोट दाखवलं. तिनं रीम उचललं. पालथा कागद ताटलीत तसाच होता. उमेदवारानं हे पत्र वाचायचं नसतं, हा नियम दोघांनाही पाठ होता. कुलगुरूंनी तोंड भिंतीकडं फिरवलं. "तुझं आहे. वाच नाहीतर फाड. मी बघत नाही."

मागून कागद उलटल्याचा आवाज आला. मग तिचा आवाज, विचित्र.

"बाबा, हा कोरा आहे."

"शक्यच नाही."

त्यांनी कागद हिसकावून घेतला. उजेडात धरला, उलटला, पुन्हा उलटला. पत्राला पडलेल्या घड्यांच्या दोन फिकट रेघा तेवढ्या आल्या होत्या. त्या गडबडीत त्यांनी पत्र उलटं ठेवलं होतं. जन्मात पहिल्यांदा. मशीननं इमानेइतबारे पत्राच्या पाठीची प्रत काढली होती, आणि तिच्यावर रीम ठेवून ते चार मजले चढले-उतरले होते.

"मी वाटेत ठरवलं होतं," लेक म्हणाली, "काही झालं तरी वाचायचं." आणि तिला हसू फुटलं. आधी थोडं, मग आवरेना. कुलगुरूही हसू लागले, आणि हसता हसता त्यांचे डोळे कधी भरले ते त्यांना कळलं नाही. लेकीनं पाहिलं. मग तिनं ड्रॉवरमधून जाड पेन काढलं, तो कोरा कागद काउंटरवर ठेवला आणि टपोऱ्या अक्षरात लिहून जुन्या पाटीखाली चिकटवला.

'बंद पाकीट उघडून मिळणार नाही.'

तो कागद अजून तिथंच आहे, घड्यांच्या रेघांसकट. लेक आता रोज मागच्या फाटकानं वर्गात जाते. जाताना दुकानाशी थांबते, त्यांचा डबा काउंटरवर ठेवते आणि म्हणते, "बाबा, याला हात लावा."